चौकट, बाण आणि पेन्सिल

पायथन शिकायला बसलेल्याला पहिल्या काही दिवसांत एक गणित हमखास दिलं जातं. अ मध्ये 5 आहेत, ब मध्ये 8 आहेत, दोघांची अदलाबदल करून दाखवा. बरेच जण बेधडक लिहितात:

अ = 5
ब = 8
अ = ब
ब = अ

वाचताना यात काही खटकत नाही. अ ला ब ची व्हॅल्यू दिली, ब ला अ ची दिली, झाली अदलाबदल. प्रोग्राम चालवला की मात्र दोन्हीकडे 8 निघतात, आणि मग कुणी ओळींची जागा बदलून बघतं, कुणी इंटरनेटवरून तयार उत्तर उचलतं. उत्तर मिळतं, पण 5 गेले कुठे हे कळत नाही.

हाच प्रोग्राम कागदावर चालवून बघू. दोन रकाने आखायचे, एक अ चा, एक ब चा. एकेक ओळ वाचायची आणि ती झाल्यावर रकान्यांत काय आहे ते लिहायचं.

ओळ 1: अ 5, ब रिकामा
ओळ 2: अ 5, ब 8
ओळ 3: अ 8, ब 8
ओळ 4: अ 8, ब 8

तिसऱ्या ओळीला अ च्या रकान्यातला 5 खोडून तिथे 8 लिहावे लागतात. बहुतेकांचा हात इथेच थबकतो, कारण 5 आता कागदावर कुठेच उरलेले नाहीत. चौथी ओळ ते आणणार कुठून? तिसरा रकाना हवा, खोडण्याआधी 5 तिथे उतरवून ठेवायला हवेत, ही युक्ती मग कुणी सांगावी लागत नाही. (पायथनमध्ये 'अ, ब = ब, अ' अशी एका ओळीतही अदलाबदल होते, कारण तिथे उजवी बाजू आधी पूर्ण वाचली जाते आणि डावीकडची नावं नंतर बदलतात. पण ही सोय हातात द्यायची ती रकाने भरून झाल्यावर.)

एक खुलासा इथेच करतो. या लेखात प्रोग्राम देवनागरीत छापले आहेत. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत खरोखरच चालतात. फॉर, इफ, प्रिंट असे भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.

प्रोग्रामचं चित्र काढा म्हटलं की आपल्याकडे कुणालाही फ्लोचार्ट आठवतो. बारावीचं कॉम्प्युटर सायन्स असो, बी.एस्सी. असो की इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, जर्नलमध्ये आधी अल्गोरिदम, मग फ्लोचार्ट, मग प्रोग्राम, मग आउटपुट असा क्रम ठरलेला असतो. प्रत्यक्षात प्रोग्राम आधी चालवला जातो आणि फ्लोचार्ट सबमिशनच्या आदल्या रात्री, बऱ्याचदा शेजारच्याच्या जर्नलवरून, काढला जातो. यात विद्यार्थ्यांचा लबाडपणा थोडा आणि शहाणपणा जास्त आहे. पाच-सहा ओळींच्या प्रोग्रामचा फ्लोचार्ट त्या ओळींपेक्षा वेगळं काहीच सांगत नाही. आयतात ओळ लिहायची, अट आली की शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट काढायची, बाण जोडायचे. आत काय घडतं हे न कळताही हे सगळं बिनचूक जमतं.

अदलाबदलीचा तो चुकलेला प्रोग्रामच घ्या. त्याचा फ्लोचार्ट म्हणजे एकाखाली एक चार आयतं आणि मधले बाण. रेखीव, नियमाला धरून, आणि चूक कुठे आहे याचा मागमूस नाही. फ्लोचार्ट वाट दाखवतो. या ओळीनंतर कोणती ओळ, अट खरी ठरली तर कुठे वळायचं, एवढंच. वाटेवरच्या त्या ठिकाणी मेमरीत काय आहे, ते त्यात नसतं. आणि नवशिका वाट चुकतो त्यापेक्षा मेमरीच्या बाबतीत जास्त फसतो, असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे मूळ चित्र असं अर्धवट नव्हतं. हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनच्या संगणकासाठी 1947 साली प्रोग्राम आखण्यावर एक अहवाल लिहिला. प्रोग्रामच्या प्रवाहाच्या आकृत्या जगाला माहीत झाल्या त्या तिथून. त्या आकृत्यांत क्रिया आणि अटींच्या चौकटी होत्याच, पण त्या टप्प्यावर कोणत्या जागी कोणती राशी साठवलेली आहे हे सांगणाऱ्या वेगळ्या चौकटीही होत्या. पुढे फ्लोचार्ट कचेऱ्यांत आणि क्रमिक पुस्तकांत शिरला तेव्हा वाट तेवढी राहिली आणि साठवणीच्या चौकटी गळून पडल्या.

फ्लोचार्टचा उपयोग किती, यावर पुढे प्रयोगही झाले. बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी 1977 साली तपशीलवार फ्लोचार्ट देऊन आणि न देऊन विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा फारसा फरक सापडला नाही. उलट डेव्हिड स्कॅनलन यांच्या 1989 सालच्या प्रयोगात, अटींची गुंतागुंत समजून घ्यायला नीट रचलेला फ्लोचार्ट स्यूडोकोडपेक्षा सरस ठरला. मला दोन्ही पटतात. एकात एक शिरलेल्या चार अटी असतील, तर फ्लोचार्ट जरूर काढावा. बाकी वेळी कागद मेमरीच्या चित्रासाठी राखून ठेवावा.

हे चित्र लूपपाशी कसं कामाला येतं ते बघा. समजा एखाद्या थंड गावातल्या तीन रात्रींचं तापमान दिलं आहे: उणे 4, उणे 9, उणे 2. त्यातलं सर्वांत जास्त शोधायचं आहे. प्रोग्राम असा:

मोठा = 0
फॉर त इन तापमान:
    इफ त > मोठा:
        मोठा = त
प्रिंट(मोठा)

याचाही फ्लोचार्ट निर्दोष येतो. आता तक्ता करू. पहिला रकाना त चा, दुसरा 'त > मोठा' या अटीचा, तिसरा मोठा चा. अटीला स्वतंत्र रकाना द्यायचाच. तो गाळला की माणूस अट मनातल्या मनात, आपल्या सोयीने सोडवतो.

सुरुवात: मोठा 0
त = -4: अट खोटी, मोठा 0
त = -9: अट खोटी, मोठा 0
त = -2: अट खोटी, मोठा 0

उत्तर शून्य. दिलेल्या यादीत शून्य कुठेच नाही. 'मोठा = 0' ऐवजी यादीतलं पहिलं तापमान घेऊन सुरुवात करायला हवी होती, हे तिसऱ्या रकान्यातली शून्यांची रांग बघूनच कळतं.

रॉय पी या अमेरिकी संशोधकाने 1986 साली नवशिक्यांच्या चुकांवर लिहिताना एका समान मुळाकडे बोट दाखवलं होतं. आपल्याला काय म्हणायचं आहे ते यंत्राला आतून कळतं, असं शिकणारा नकळत धरून चालतो. व्हेरिएबलला 'मोठा' नाव दिलं की संगणक त्यात मोठाच आकडा ठेवणार, अशी ती समजूत. मातृभाषेत नाव दिलं की ती जास्तच घट्ट होते, असा मला संशय आहे. तक्त्यात मात्र 'मोठा' हे फक्त रकान्याचं शीर्षक असतं. खाली काय लिहायचं ते ओळ ठरवते.

इथपर्यंत रकाने पुरतात. लिस्ट आली की पुरत नाहीत.

'व्हेरिएबल म्हणजे डबा' असं वर्गात सर्रास शिकवलं जातं. आकड्यांपुरतं ते खपून जातं. पण पुढच्या तीन ओळी डब्याने उलगडत नाहीत:

गुण = [62, 71, 55]
नवे_गुण = गुण
नवे_गुण[0] = 90

आता 'गुण' छापायला सांगितलं तर काय येईल? डबा डोक्यात असलेला विद्यार्थी म्हणतो, 62, 71, 55. आपण 'गुण' ला हातही लावलेला नाही, बदल नव्या डब्यात केला. पायथन छापतो 90, 71, 55. इथे मुलं चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे, कारण शिकवलेल्या चित्रात हे बसतच नाही.

कागदाचे दोन भाग करा. डाव्या बाजूला फक्त नावं लिहायची. उजव्या बाजूला वस्तू, म्हणजे लिस्ट, आकडे, मजकूर. नावाच्या पोटात काही ठेवायचं नाही. नावापासून वस्तूपर्यंत फक्त बाण काढायचा. पहिल्या ओळीला उजवीकडे तीन घरांची एक चौकट येते आणि 'गुण' चा बाण तिच्याकडे जातो. दुसऱ्या ओळीला काय करायचं? उजव्या बाजूला नवीन काहीच काढायचं नाही. डावीकडे 'नवे_गुण' लिहायचं आणि त्याचा बाण, 'गुण' चा जिथे गेलाय, तिथेच न्यायचा.

गुण ────────► [62, 71, 55]
नवे_गुण ───────┘

तिसरी ओळ या बाणावरून चालत त्या चौकटीपर्यंत जाते आणि पहिल्या घरातले 62 खोडून 90 लिहिते. चौकट एकच आहे. कुठल्याही नावावरून गेलं तरी 90 दिसणार.

नियम दोनच. '=' च्या डावीकडे नुसतं नाव असेल तर त्या नावाचा बाण हलवा. डावीकडे नाव आणि पुढे कंसात घराचा क्रमांक असेल, तर बाणाच्या टोकाशी जाऊन त्या घरात बदल करा. त्यामुळे याच प्रोग्रामात पुढे 'नवे_गुण = [1, 2, 3]' लिहिलं, तर उजवीकडे दुसरी चौकट येते, 'नवे_गुण' चा बाण तिकडे वळतो आणि 'गुण' आहे तिथेच राहतो. प्रत हवी असेल तर ती मागावी लागते: 'नवे_गुण = लिस्ट(गुण)'. मग चित्रात सुरुवातीपासूनच दोन चौकटी.

आता याच चित्राचं खरं काम. फुली-गोळ्याचा खेळ बनवायचा म्हणून पट आखतात. तीन ओळी, प्रत्येकीत तीन घरं, सगळीकडे शून्य. छोटा रस्ता म्हणून हे लिहिलं जातं:

पट = [[0] * 3] * 3
पट[0][0] = 1

छापून बघितलं की पहिल्या ओळीतच नव्हे, तर तिन्ही ओळींच्या पहिल्या घरात 1 दिसतो. एका खेळीत उभी ओळ भरली, खेळ खलास. ही चूक नजरेने शोधणं फार अवघड, कारण दोन्ही ओळी अगदी साळसूद दिसतात.

चित्र काढा. आतला '[0] * 3' एकदाच चालतो, म्हणून उजवीकडे तीन शून्यांची एकच आडवी चौकट येते. बाहेरचा '* 3' तीन घरांची एक उभी चौकट बनवतो, पण त्या घरांत नवीन चौकटी ठेवत नाही. तिन्ही घरांतून त्याच एका आडव्या चौकटीकडे बाण नेतो. बाण काढून झाले की 'पट[0][0]' वाचायचं: 'पट' वरून उभ्या चौकटीत, तिच्या शून्याव्या घरातल्या बाणावरून आडव्या चौकटीत, आणि तिथे शून्याव्या घरात 1. 'पट[2][0]' वाचायला गेलो तर वेगळ्या घरातून निघून त्याच जागी पोचतो.

यावर चौकस विद्यार्थी विचारतो, आणि विचारायलाच हवं: मग आतल्या तीन घरांचे बाणही एकाच शून्याकडे गेले असतील, त्यांचं काय? गेलेच आहेत. पण आकडा ही न बदलणारी वस्तू आहे. शून्यात घुसून त्याचा एक करता येत नाही. घराचा बाण शून्यावरून उचलून एकाकडे वळवला जातो, शेजारच्या घरांचे बाण जागच्या जागी राहतात. म्हणून आतला गुणाकार निरुपद्रवी आणि बाहेरचा घातकी. सरळ केलेला पट असा:

पट = [[0] * 3 फॉर र इन रेंज(3)]

इथे आतला भाग लूपमध्ये तीनदा चालतो, म्हणून आडव्या चौकटी तीन.

फंक्शनसाठी डाव्या बाजूत एक भर घालावी लागते. आतापर्यंत तिथे नावांची एकच यादी होती. फंक्शन चालू झालं की त्याच्या नावांसाठी वेगळी चौकट आखायची, तिला फ्रेम म्हणतात, आणि फंक्शन संपलं की ती फ्रेम खोडून टाकायची. ग्रेस मार्क देणारं हे फंक्शन बघा:

डेफ ग्रेस(न):
    न = न + 5

गुण = 30
ग्रेस(गुण)
प्रिंट(गुण)

छापले जातात 30. विद्यार्थी नापासच. चित्रात कारण उघड आहे. 'ग्रेस' च्या फ्रेममध्ये 'न' चा बाण आधी त्याच 30 कडे गेला, मग 35 कडे वळला, मग फ्रेमच खोडली गेली. बाहेरच्या 'गुण' चा बाण कुणी हलवलाच नव्हता. 35 हवे असतील तर ते फंक्शनमधून रिटर्न करून बाहेर 'गुण = ग्रेस(गुण)' असा बाण हलवावा लागतो.

रिकर्शनचं भय मोडतं तेही याच फ्रेमने. 3 चा फॅक्टोरियल काढणारं फंक्शन स्वतःलाच 2 देऊन बोलावतं, ते पुन्हा 1 देऊन. अडचण अशी होते की मुलं एकच 'न' धरून बसतात, तो 3 चा 2 होतो, 2 चा 1 होतो, आणि परतीच्या वाटेवर गुणायला 3 उरलेलेच नसतात. कागदावर प्रत्येक बोलावण्याला नवी फ्रेम आखा, एकाखाली एक. पहिलीत 'न' 3, आणि शेजारी अर्धवट राहिलेलं काम लिहून ठेवा: 3 गुणिले काहीतरी. दुसरीत 'न' 2, अर्धवट काम 2 गुणिले काहीतरी. तिसरीत 'न' 1, आणि इथे उत्तर तयार: 1. तिसरी फ्रेम खोडताना तिचा 1 वरच्या 'काहीतरी' च्या जागी लिहायचा, 2 गुणिले 1 म्हणजे 2. दुसरी खोडा, तिचे 2 वर न्या, 3 गुणिले 2 म्हणजे 6. थांबायची अट विसरली तर फ्रेमांखाली फ्रेमा वाढतच जातात. कागद संपतो तसा पायथनही सुमारे 1000 फ्रेमांनंतर हात वर करतो, ती मर्यादा त्याला मुळातच घालून दिलेली आहे.

नवशिक्याला संगणकाची खरी यंत्रणा, म्हणजे रजिस्टर, पत्ते, बाइट, शिकवण्याची गरज नाही. ज्यावर हात चालवता येईल असं एक सोपं, पण खोटं न बोलणारं यंत्र डोक्यात बसवावं लागतं. बेनेडिक्ट ड्यू बुले आणि सहकाऱ्यांनी 1981 साली त्याला 'नोशनल मशीन' असं नाव दिलं. वरची नावं, बाण, चौकटी आणि फ्रेमा मिळून पायथनचं असंच एक यंत्र होतं. सी शिकणाऱ्याचं चित्र वेगळं निघेल, तिथे इंटिजरची व्हॅल्यू खरोखरच व्हेरिएबलच्या जागेत बसते आणि बाण काढायचा तो पॉइंटरसाठी.

हे चित्र आपोआप काढून देणारी साधनंही आहेत. फिलिप गुओ यांनी 2010 साली सुरू केलेलं 'पायथन ट्यूटर' ब्राउझरमध्ये चालतं. प्रोग्राम चिकटवला की डावीकडे फ्रेमा, उजवीकडे वस्तू आणि मधले बाण दिसतात. आत्ता झालेल्या ओळीवर हिरवा बाण, पुढच्या ओळीवर लाल. बटण दाबून एकेक पाऊल पुढे जाता येतं, आणि मागेही, जे कागदावर खोडरबराशिवाय जमत नाही. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला 'थॉनी' हा एडिटर इंटरनेटशिवाय चालतो, तो फंक्शनच्या प्रत्येक बोलावण्याला नवी खिडकी उघडतो. शाळेच्या लॅबमध्ये नेटचा भरवसा नसेल तर मी थॉनीच सुचवीन.

पण बटण दाबत राहिलं की कळतंच असं नाही. टोरांटो विद्यापीठातल्या रोनाल्ड बेकर यांनी 1981 साली सॉर्टिंगच्या नऊ पद्धतींवर अर्ध्या तासाची ॲनिमेशन फिल्म केली, तेव्हापासून संगणकाची हलती चित्रं दाखवून शिकवण्याची हौस टिकून आहे. हंडहाउझन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी 2002 साली अशा 24 प्रयोगांचा आढावा घेतला. चित्र दिसतं कसं यापेक्षा विद्यार्थी त्या चित्रासोबत काय करतो यावर शिकणं जास्त अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं. रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांचे कच्चे कागद 2004 साली तपासले. ज्यांनी व्हॅल्यूंचा माग पद्धतशीर लिहून काढला होता, त्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण जास्त होतं.

म्हणून पायथन ट्यूटर वापरायचा तो उत्तरपत्रिका तपासल्यासारखा. बटण दाबायच्या आधी पुढचं चित्र पेन्सिलीने काढायचं, मग दाबायचं, मग ताडून बघायचं. जिथे फरक पडेल तिथे थांबायचं. शिक्षकांनी फळ्यावर पूर्ण चित्र काढून देण्यापेक्षा प्रोग्राम तिसऱ्या ओळीवर थांबवून 'आता कोणता बाण हलेल?' एवढंच विचारावं. वर्गात दोन तट पडले तर उत्तमच, कारण भांडण मिटवायला संगणक समोर आहे.

पेन्सिलही सगळीकडे पुरत नाही. हजार नोंदींची लिस्ट कुणी कागदावर काढू नये. तीच चूक दाखवणारी तीन नोंदींची लिस्ट शोधावी आणि तिचं चित्र काढावं. ते शोधण्यातच अर्धी चूक हाती लागते. फंक्शनं वीस-पंचवीस झाली की सगळ्या फ्रेमा काढायच्या नसतात, शंका असलेलं एक फंक्शन घ्यायचं, त्यात शिरताना आणि बाहेर पडताना बाण कुठे आहेत एवढंच लिहायचं. त्याच्याही पुढे गेलं की डीबगर. व्हीएस कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावून प्रोग्राम थांबवला की डाव्या पट्टीत एका खणात 'व्हेरिएबल्स' आणि दुसऱ्यात 'कॉल स्टॅक' दिसतं. ज्याने कागदावर फ्रेमा खोडल्या आहेत त्याला हे खण वाचायला शिकवावं लागत नाही. फक्त तिथे बाण काढलेले नसतात. दोन नावं एकाच लिस्टकडे जातात की दोन वेगळ्या, सारख्याच दिसणाऱ्या लिस्टकडे, हे त्या पट्टीकडे बघून ओळखू येत नाही. तेवढ्यापुरतं 'अ इज ब' असं पायथनलाच विचारायचं. तो 'ट्रू' म्हणाला तर चौकट एक, 'फॉल्स' म्हणाला तर दोन.